तिसरा मजला आणि उतारवय

पुण्यात कोथरूड, सहकारनगर, बिबवेवाडी; मुंबईकडे मुलुंड, बोरिवली, डोंबिवली; शिवाय ठाण्या-नाशिकचे जुने भाग. १९६५ ते १९९० या काळात इथे उभ्या राहिलेल्या मध्यमवर्गीय सोसायट्यांचा साचा बहुतेक एकच आहे. तळमजला, वर तीन मजले, लिफ्ट नाही. त्या वेळच्या बांधकाम नियमांत ठरावीक उंचीपर्यंतच्या इमारतीला लिफ्टची सक्ती नव्हती आणि पस्तिशीत कर्ज काढून घर घेणाऱ्याला तिची गरजही वाटत नव्हती. वरच्या मजल्यावर वारा चांगला येतो, डास कमी असतात, दरही थोडा उतरतो. एका मजल्याला अठरा ते वीस पायऱ्या धरल्या तर तिसऱ्या मजल्यावरचे घर रस्त्यापासून साठेक पायऱ्यांवर येते. ते घर घेणारे जोडपे आज पंचाहत्तरी-ऐंशीत आहे. पायऱ्या तेवढ्याच आहेत. गुडघे, नजर, तोल आणि दम तेव्हाचे राहिलेले नाहीत.

अशा जोडप्याने ते घर विकून, जिथे काठी, वॉकर किंवा व्हीलचेअर घेऊनही मोकळेपणाने वावरता येईल अशा, ज्येष्ठांसाठीच बांधलेल्या संकुलात राहायला जावे का, हा विषय आता घरोघरी निघतो. निघाला की लगेच मिटवलाही जातो. मुलगा असताना वृद्धाश्रम कशाला? या वयात घर हलवायचे नसते. चाळीस वर्षांचा शेजार कुठे मिळणार? पुनर्विकासात लिफ्ट येणारच आहे. आणि सगळ्यांत लाडके उत्तर म्हणजे, वेळ आली की बघू. हे बोलणारे बहुतेक जण आपुलकीनेच बोलतात. पण यातले एकही वाक्य त्या साठ पायऱ्यांना उत्तर देत नाही. चालणे अवघड होऊ लागल्यावर सोयीच्या जागी जाणे, तेही हातीपायी धड असताना आणि स्वतःच्या सहीने जाणे, हाच बहुसंख्य जिनेवाल्या घरांतल्या वृद्धांसाठी शहाणपणाचा मार्ग आहे. त्याविरुद्धचे आक्षेप एकेक करून तपासले पाहिजेत.

सर्वांत आधी येतो तो वृद्धाश्रमाचा धसका. इथे तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत केली जाते. वृद्धाश्रम ही मुळात निराधारांसाठीची सोय आहे. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून एकोणिसाव्या शतकात सुरू झालेली आणि आज 'निवारा' म्हणून ओळखली जाणारी संस्था त्याच हेतूने निघाली. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणासाठी केलेल्या २००७ च्या कायद्यानेही कलम १९ मध्ये राज्य सरकारांपुढे प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असा निदान एक वृद्धाश्रम उभारण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. दुसरी गोष्ट शुश्रूषा केंद्राची. अंथरुणाला खिळलेल्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची तिथे रात्रंदिवस देखभाल होते. तिसरी गोष्ट ज्येष्ठांच्या संकुलाची. तिथे स्वतःचा फ्लॅट असतो, स्वतःचा ओटा आणि देवघर असते, दारावर स्वतःच्या नावाची पाटी आणि खिशात स्वतःची किल्ली असते. फरक एवढाच की दारे रुंद असतात, उंबरे नसतात, लिफ्ट मोठी असते, स्वयंपाकाचा कंटाळा आला तर खाली भोजनगृह असते आणि रात्री दोन वाजता घंटा दाबली तर कोणीतरी येते. पुण्यात परांजपे स्कीम्सची 'अथश्री' संकुले, नेरळला डिग्निटी फाउंडेशनने वसवलेली वसाहत ही या तिसऱ्या प्रकारची उदाहरणे.

या तिन्ही गोष्टींना एकच शिक्का मारल्याने खरे नुकसान होते. निवृत्त मुख्याध्यापक स्वतःच्या पैशाने, स्वतः चौकशी करून एक बेडरूमचा फ्लॅट घेतात आणि नातेवाईक मुलाला फोन करून विचारतात, "काय रे, वडलांना ठेवलंस म्हणे?" निर्णय वडलांचा, कमीपणा मुलाला. मग पुढच्या वेळी दुसऱ्या कोणाचे तरी वडील, मुलाची अब्रू जाऊ नये म्हणून, तिसऱ्या मजल्यावर कोंडून घेणे पसंत करतात. आईवडलांना टाकून देणारी मुले समाजात आहेत आणि त्यांच्याविरुद्ध कायदा वापरलाच पाहिजे. पण टाकून दिलेले आईवडील लिफ्ट नसलेल्या घरातही असतात. किंबहुना तिथे ते कोणाला दिसतही नाहीत.

यापुढचा आक्षेप संस्कृतीचा. आपल्याकडे म्हातारी माणसे घरातच राहतात, असे अभिमानाने सांगितले जाते. पण कुठल्या घरात, हे सांगायचे राहून जाते. वाड्यातल्या किंवा गावच्या घरातल्या आजोबांची बैठक ओसरीवर असे आणि आजीचे अंथरूण माजघरात. माडी असली तरी ती तरुण जोडप्यांची किंवा धान्याची. ओसरीवरून रस्ता दिसे, येणारा-जाणारा थांबून बोले, मागच्या दाराला न्हाणी आणि विहीर. वृद्धांसाठी सोयीचे घर म्हणतात ते हेच. परंपरेचा दाखला द्यायचा तर तो जमिनीलगतच्या राहणीचा द्यावा लागेल. साठ पायऱ्यांवरच्या दोन खोल्यांना परंपरेचा काहीही आधार नाही.

अमेरिकेतले शल्यचिकित्सक अतुल गवांडे यांचे २०१४ मधले 'बीइंग मॉर्टल' हे पुस्तक या वादात दोन्ही बाजूंनी पुढे केले जाते. विदर्भातल्या उटी गावचे त्यांचे आजोबा सीताराम गवांडे जवळजवळ एकशे दहा वर्षे जगले, ते घरच्या माणसांत, मानाने, शेतीवर नजर ठेवत. पुस्तकाचा एवढाच भाग वाचणारे म्हणतात, बघा, हीच खरी पद्धत. पण हे शक्य झाले ते मुले, सुना, नातवंडे अष्टौप्रहर हाताशी होती म्हणून, हे गवांडे स्वतःच सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ निघाला. म्हणजे घरटी दोन मुलेही नाहीत, आणि जी आहेत त्यांतली कितीतरी बंगळूरला, टेक्सासला किंवा त्याच शहरात दीड तासाच्या अंतरावर आहेत. उटीच्या घरातली माणसे पुण्यातल्या दोन खोल्यांत आणता येत नाहीत. माणसे नसताना त्या पद्धतीचा आग्रह धरला की सगळा भार एकाच व्यक्तीवर पडतो. ती बहुतेक वेळा बायको असते. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या नवऱ्याला पलंगावरून उठवून कमोडवर बसवणारी बहात्तर वर्षांची बाई, जिची स्वतःची कंबर गेलेली आहे. संस्कृतीचा अभिमान बाळगणाऱ्यांनी त्या बाईला एकदा तरी विचारावे.

शेजाराचा मुद्दा मात्र हळवा आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. जिथे मुलांच्या मुंजी झाल्या, जिथल्या वाण्याला उधारीची वही ठेवायला लाज वाटत नाही, जिथला रिक्षावाला नावाने हाक मारतो, ती जागा सोडणे म्हणजे आयुष्याचा मोठा तुकडा मागे ठेवणे. ते दुःख खरे आहे. पण प्रश्न असा आहे की, तिसऱ्या मजल्यावरून उतरता न येणाऱ्या माणसाला त्या शेजारातले नक्की काय मिळते?

त्याचा दिवस जवळून पाहावा. सकाळी दूध आणि पेपर दाराशी येतो. भाजीवाला खालून हाक मारतो, तेव्हा गॅलरीतून दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडायची आणि पैसे आधी पाठवायचे. मेथी जून निघाली तर परत करता येत नाही. बँकेच्या बाहेरच्या कट्ट्यावर बसणारे मित्र पहिल्या वर्षी वर येतात. दुसऱ्या वर्षी त्यांचेही गुडघे बोलू लागतात, मग फोन होतात, मग तेही विरळ होतात. ज्येष्ठ नागरिक संघाची सभा दोन इमारती सोडून असते, पण जाता येत नाही. खालच्या मजल्यावरचे जुने बिऱ्हाड मुलाकडे गेलेले असते आणि तिथे आयटीतली चार मुले भाड्याने राहतात. मुले चांगली असतात, पण सकाळी आठला बाहेर पडतात आणि रात्री दहाला येतात. भाच्याच्या लग्नाला जायचे तर शब्द टाकून ठेवावा लागतो. मग प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, कमरेला चादर बांधून, दोघे पुढून आणि दोघे मागून अशी माणसाची वरात निघते. जिन्याच्या वळणावर खुर्ची तिरकी करावी लागते, तेव्हा बसलेला माणूस डोळे मिटून घेतो. हा प्रकार एकदा सोसलेला माणूस पुढच्या आमंत्रणाला स्वतःच नाही म्हणतो. रुग्णवाहिका आली तरी तेच, कारण अरुंद वळणावर स्ट्रेचर आडवे फिरत नाही.

एवढे झाल्यावर जे उरते त्याला शेजार म्हणता येत नाही. उरतो तो शेजाराचा आवाज. माणूस त्या वस्तीतून कधीच निघून गेलेला असतो, फक्त सामान हललेले नसते. याच्या उलट सपाट संकुलात वॉकर घेऊन शंभर पावलांवर बाक असतो आणि बाकावर कोणीतरी असते. ते कोणी बालमित्र नव्हेत, हे मान्य. पण सत्तरीनंतर नवी मैत्री होत नाही, हे म्हणणे ज्येष्ठ नागरिक संघांच्या महाराष्ट्रात तरी कोणी करू नये. इथे अनोळखी निवृत्त माणसांनी एकत्र येऊन गावोगाव संघ उभे केले, भजनी मंडळे, सहली आणि हास्यक्लब चालवले आणि १९८० मध्ये त्या संघांचा राज्यभरचा महासंघ, म्हणजे 'फेस्कॉम' स्थापन झाला.

जिना हा उत्तम व्यायाम आहे, लिफ्टने माणूस लवकर अधू होतो, असेही ऐकू येते. चढता येते तोवर जिना उत्तम व्यायाम आहे, यात वाद नाही. परंतु ज्याच्याशिवाय घराबाहेर पडताच येत नाही तो जिना पुढे व्यायाम राहत नाही, अडसर होतो. चढताना दम लागतो म्हणून माणूस चढण्याला भितो, पण अपघात जास्त होतात ते उतरताना. गुडघ्यावर भार अधिक येतो, पायरीची कड नीट दिसत नाही आणि तोल पुढे जातो. अपघाती मृत्यूंच्या कारणांत जगभरात पडण्याचा क्रमांक दुसरा लागतो आणि त्यांत साठीपुढच्यांचे प्रमाण सर्वाधिक असते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि न पडताही नुकसान होतेच. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात धडधाकट वृद्धांना दहा दिवस अंथरुणात ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांचे जवळजवळ एक किलो स्नायू झडले. जिन्याच्या भीतीने घरात बसलेला माणूस अंथरुणात नसतो, पण घसरण त्याच दिशेची असते. चालायचे असेल तर चालता येईल अशी सपाट जागा दाराबाहेर हवी.

आता घरातच सोय करून घेण्याचा पर्याय. न्हाणीघरात दांडे बसवा, रॅम्प घाला, लिफ्ट लावा. घर कशाला सोडायचे? हा आक्षेप सर्वांत समंजस आहे आणि ज्यांचे घर तळमजल्यावर आहे त्यांनी तो मानावाच. बाकीच्यांनी टेप घेऊन मोजमाप करावे. साधारण व्हीलचेअर पंचवीस-सव्वीस इंच रुंद असते. जुन्या फ्लॅटच्या न्हाणीघराचे दार चोवीस ते तीस इंचांचे, त्यातून पुन्हा चौकट वजा. पाणी बाहेर येऊ नये म्हणून तीन-चार इंचांचा उंबरा. दार आत उघडणारे, म्हणजे आत पडलेल्या माणसाच्या अंगावरच ते अडते आणि बाहेरच्याला ढकलताही येत नाही. व्हीलचेअर जागच्या जागी वळवायला पाच फुटांचे मोकळे वर्तुळ लागते आणि इथे संडास-न्हाणी मिळूनही तेवढी जागा नसते. भिंत फोडावी म्हटले तर ती भार पेलणारी निघते. इमारतीच्या दारातला रॅम्प सुरक्षित हवा तर एक फूट चढाला बारा फूट लांबी लागते. जोते दीड फुटाचे असेल तर अठरा फूट. तेवढ्या जागेत चार स्कूटर लागतात, आणि स्कूटरवाल्यांची संमती मिळवणे हे वेगळेच काम.

लिफ्टची गोष्ट याहून गुंतागुंतीची. जुन्या इमारतीला लिफ्ट बाहेरून, साइड मार्जिनमध्ये लावावी लागते. त्यासाठी महापालिकेची परवानगी आणि त्याआधी सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचा ठराव. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार लिफ्टच्या देखभालीचा खर्च त्या इमारतीतल्या सर्व सभासदांनी सारखा सोसायचा असतो, म्हणून तळमजल्याचा सभासद पहिल्याच सभेत उभा राहतो. त्याचा राग समजण्यासारखा आहे. तरीही ठराव झाला, पैसे जमले, लिफ्ट लागली, तर अनेकदा ती जिन्याच्या मधल्या वळणावर थांबते, कारण बाहेरून शिरायला जागा तिथेच मिळते. म्हणजे वळणापासून घरापर्यंत आठ-दहा पायऱ्या उरतातच. काठीवाल्याला ही मोठी मदत आहे. व्हीलचेअरवाल्याला तिचा उपयोग नाही.

पुनर्विकासाची वाट पाहणाऱ्यांचे तर दुहेरी नुकसान होते. २०१९ च्या शासकीय निर्देशांनी पुनर्विकासाला लागणारी सभासदांची संमती ७५ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर आणली, हे खरे. पण संमतीनंतर विकसकाची निवड, करार, मंजुरी आणि मग बांधकाम. या काळात सगळ्यांनाच भाड्याच्या घरात जावे लागते. जो म्हातारा 'या वयात घर हलवायचे नाही' म्हणून थांबला, त्याला पंच्याऐंशीव्या वर्षी दोनदा घर हलवावे लागते; एकदा मिळेल त्या भाड्याच्या जागेत आणि एकदा परत. मधल्या काळात बांधकाम रखडले तर परतीचा मुहूर्त त्याच्या हयातीत येईलच असे नाही. नवी इमारत झाली तरी तळमजला पार्किंगला जातो आणि घर सातव्या मजल्यावर मिळते. तिथे वीज गेली की जनरेटरवर चालणारी लिफ्ट आहे का, हा प्रश्न उरतोच.

राहिला 'वेळ आली की बघू'. सर्वांत जास्त घात करणारे वाक्य हेच. वेळ येते ती सांगून येत नाही. ती बहुधा न्हाणीघरात येते: पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते, शस्त्रक्रिया होते आणि आठवड्याभरात रुग्णालय घरी न्यायला सांगते. त्या आठवड्यात निर्णय घेणारा माणूस भुलीच्या गुंगीत असतो. मुलगा परदेशातून आठ दिवसांच्या रजेवर आलेला असतो, मुलगी नोकरी आणि रुग्णालय यांत पिचलेली असते. चार ठिकाणे पाहायला वेळ नसतो. जिथे खाट रिकामी आहे तिथे भरती होते. घर विकायचे तर घाईत पडत्या भावाने विकावे लागते. चांगली संकुले अशा वेळी नकारही देतात, कारण त्यांपैकी बहुतेकांना प्रवेशाच्या वेळी स्वतःची कामे स्वतः करणारा माणूस हवा असतो. ज्याची धास्ती होती तेच मग घडते. दुसऱ्याच्या निर्णयाने, अनोळखी जागी, न विचारता.

जागा बदलल्याने वृद्ध खचतात, हे निरीक्षण खोटे नाही. पण त्यावर झालेल्या अभ्यासांत एक गोष्ट पुन्हापुन्हा पुढे आली: ज्यांना निवड करायला मिळाली आणि पुढे काय होणार याची आधी कल्पना होती, त्यांना धक्का कमी बसला. एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये अमेरिकेतल्या एका शुश्रूषागृहात केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. एका मजल्यावरच्या रहिवाशांना सांगितले की तुमच्या दिवसाचे निर्णय तुम्ही घ्यायचे, हे रोपटेही तुम्हीच सांभाळायचे. दुसऱ्या मजल्यावरच्यांना सांगितले, तुमची सगळी काळजी कर्मचारी घेतील. पहिल्या मजल्यावरचे लोक अधिक उत्साही, अधिक सावध आणि अधिक आनंदी आढळले. इमारत एकच होती, वयेही सारखीच. म्हणून सत्तरीत, पाय चालते असताना, चार संकुले पाहून, एखाद्या ठिकाणी महिनाभर भाड्याने राहून, आवडती कपाटे मोजून नेणारा माणूस आणि पंच्याऐंशीत रुग्णालयातून थेट नेला जाणारा माणूस यांचे स्थलांतर एका मापाने मोजणे चूक आहे.

शेवटचा आक्षेप पैशाचा आणि तो खोडता येत नाही. त्याला उत्तर द्यावे लागते. ही संकुले श्रीमंतांसाठी आहेत, जाहिराती गोंडस असतात, प्रत्यक्षात मेंटेनन्स दरवर्षी वाढतो, हे सगळे खरे आहे. अनेक प्रकल्प स्वस्त जमिनीसाठी शहराबाहेर दूर बांधले जातात आणि मोठे रुग्णालय तासाभरावर राहते. काही ठिकाणी फ्लॅट मालकीचा मिळतो, काही ठिकाणी मोठे डिपॉझिट ठेवून फक्त राहण्याचा हक्क मिळतो. हा फरक अनेकांच्या लक्षात येत नाही, आणि तो महागात पडतो. जुने घर विकून झालेल्या दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावर आयकर कायद्याची सवलत नवे निवासी घर खरेदी केले किंवा बांधले तर मिळते. डिपॉझिटच्या जागेला ती गृहीत धरता येत नाही. काही करारांत अंथरुणाला खिळलेल्या रहिवाशाने दुसरीकडे जावे अशी अट बारीक अक्षरात असते. ज्याच्यासाठी माणूस इतक्या लांब आला, नेमके तेच नाकारणारी ही अट आहे. देखभालीसाठी ब्युरोची बाई लागली तर तिचा पगार वेगळा. मालकीचा फ्लॅट मृत्यूनंतर वारसाला मिळतो, पण वारस वयाच्या अटीत बसत नसेल तर बहुधा तिथे राहू शकत नाही आणि विकायचा तर ज्येष्ठालाच.

या दोषांवरून निघणारा निष्कर्ष असा की नीट निवड करावी आणि कडक नियम मागावेत. तिसऱ्या मजल्यावर बसून राहावे, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. नियमांची सुरुवात झालेली आहे. राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे महारेराने, २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी आदेश काढून किमान निकष ठरवले: दारे किमान ९०० मिलिमीटर रुंद, व्हीलचेअर जाईल अशी लिफ्ट, लिफ्टमध्ये दिसणाऱ्या आणि ऐकू येणाऱ्या सूचना, न घसरणारी फरशी, न्हाणीघरात आधाराचे दांडे. ज्येष्ठांसाठी म्हणून घर विकणाऱ्याने या गोष्टी विक्री करारात लिहून द्यायच्या आहेत. हे मोठे पाऊल आहे. पण आदेशाचा हात इमारतीपर्यंत पोचतो. ताबा दिल्यावर रात्रीची परिचारिका खरोखर असते का, भोजनाचा दर कोण ठरवतो, चालवणारी संस्था बदलली तर काय, इथवर तो पोचत नाही.

आणि ज्यांच्याकडे विकायला घरच नाही, चाळीत किंवा भाड्याच्या खोलीत आयुष्य गेले, त्यांचे काय? त्यांना ही संकुले परवडत नाहीत, म्हणून ही कल्पनाच बाद करावी, असे काही जण म्हणतात. उलट, सपाट दारे आणि लिफ्ट ही चैन नसून गरज आहे हे एकदा मान्य झाले की ती सार्वजनिक घरबांधणीतही मागता येते. २०२५ च्या राज्य गृहनिर्माण धोरणात ज्येष्ठांच्या घरांना स्थान मिळाले आहे. ते कागदावरून म्हाडाच्या सोडतीत उतरले पाहिजे. आणि सोसायट्यांच्या पातळीवर एक बिनखर्चाची गोष्ट आजही करता येते: तळमजल्यावरचा फ्लॅट विकायला किंवा भाड्याने द्यायला निघाला की त्याची पहिली विचारणा त्याच इमारतीतल्या वरच्या मजल्यावरच्या वृद्धाकडे व्हावी. ज्यांना तिथल्या तिथे तळमजला मिळेल, त्यांनी खुशाल तिथेच राहावे.

बाकीच्यांनी पासष्टी-सत्तरीतच चौकशीला लागावे. संकुल पाहायला जाताना वॉकर किंवा व्हीलचेअर बरोबर नेऊन ती न्हाणीघरापर्यंत वळते का ते पाहावे, वीज गेल्यावर लिफ्ट चालते का ते विचारावे, जाहिरातीतल्या माणसांशी बोलण्याऐवजी तिथल्या सर्वांत जुन्या रहिवाशाशी बोलावे आणि अंथरुणाला खिळल्यावर काय, याचे उत्तर करारात लेखी घ्यावे. मुलांनी नातेवाइकांचे फोन स्वतःवर घ्यावेत. आणि फेस्कॉमसारख्या संघटनांनी इमारतीच्या निकषांप्रमाणेच सेवा-करारालाही सक्तीचा नमुना हवा, त्यात मेंटेनन्सवाढीची मर्यादा आणि रहिवाशाला बाहेर न काढण्याचे कलम हवे, ही मागणी सरकारकडे लावून धरावी.